वाचकांचे प्रश्न : अंक निघतो, मग पुढे काय होतं?

गेल्या अंकात मी विचारलं होतं की आपलं मासिक तुमच्या हातात कसं येतं, आणि येत नसेल तर कुठे अडतं. विदर्भाच्या सगळ्या बाजूंनी उत्तरं आली. काही पोस्टकार्डं, बरीचशी व्हॉट्सअ‍ॅपवर, काहींनी तर बोलून रेकॉर्ड करून पाठवली. सगळी छापता येणार नाहीत. ज्यांतून इतर वाचकांनाही काही मिळेल अशी निवडली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : ताई, मी वरोऱ्याची निवृत्त शिक्षिका, जुनी वर्गणीदार. यंदा दोन अंक आलेच नाहीत. मुलगा म्हणतो, आई, कागदाचा हट्ट सोड, पीडीएफ मागव. तुम्ही तरी पोस्टाने पाठवण्याचा खटाटोप कशाला चालू ठेवला आहे?

बाई, आधी तुमच्या अंकांचं. लेबल काढून पाहिलं. नाव, घर, गल्ली, वरोरा, सगळं ठीक आहे. पिनकोड मात्र ४४० ने सुरू होतो. या खेपेस वर्गणीचा फॉर्म मुलाने नागपुरातून ऑनलाइन भरलेला दिसतो. ४४० म्हणजे नागपूर शहर. तुमचं गाव ४४२ मध्ये येतं, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीबरोबर. अंक रॅपरमध्ये गेले की आमच्याकडे गठ्ठे पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवर लागतात. ४४१ म्हणजे नागपूर ग्रामीण, भंडारा, गोंदिया, ४४३ बुलढाण्याकडचा, ४४४ अमरावती-अकोल्याचा, ४४५ यवतमाळचा. गठ्ठा बांधणारा हात गावाचं नाव वाचत नाही, आकडा वाचतो. तुमचे अंक शहराच्या गठ्ठ्यात गेले. दोन्ही आज पुन्हा टाकले आहेत. बाकीच्या वाचकांनाही सांगते, रॅपर फाडून फेकण्याआधी लेबलवरचा पिनकोड एकदा बघून घ्या.

आता पोस्टाचं. इतक्या कमी पैशात इतक्या आडगावापर्यंत जाणारं दुसरं काहीही आपल्याकडे नाही. नोंदणीकृत नियतकालिकांसाठी टपालाचा जो सवलतीचा दर आहे, त्यात ५० ग्रॅमपर्यंतच्या अंकाला २५ पैसे, १०० ग्रॅमपर्यंत ५० पैसे आणि पुढच्या दर १०० ग्रॅमला २० पैसे लागतात. गडचिरोलीतल्या भामरागडच्या वाचकाला आणि नागपूरच्या धरमपेठेतल्या वाचकाला दर एकच. मराठी मासिकं खेड्यापाड्यांत वाचली गेली, त्यामागे लेखक-संपादकांइतकाच या दराचा हात आहे, असं मी मानते.

ही सवलत मात्र कोणालाही मिळत नाही. कोणत्या नियतकालिकाला ती मिळावी, याची व्याख्या १८९८ च्या टपाल कायद्यात होती. दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, मजकूर बातम्यांचा किंवा चालू विषयांवरचा हवा, आणि खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी हवी. त्यामुळे त्रैमासिकं आणि वर्षातून एकदाच निघणारे दिवाळी अंक तिच्या बाहेर राहिले. त्यांना रजिस्टर्ड बुकपोस्टाचा, म्हणजे छापील साहित्य नोंद करून स्वस्तात पाठवण्याच्या सेवेचा, आधार होता. ती सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. पुढे १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड टपालही स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. जाड अंक गडचिरोलीला पाठवायचा तर आता त्याच्या किमतीचा मोठा वाटा पाठवण्यातच जातो. लहान प्रकाशकांना हा घाव खोल बसला आहे, आणि त्याबद्दल जेवढं बोललं जायला हवं होतं तेवढं बोललं गेलं नाही. छापील नियतकालिकांसाठी स्वस्त, नोंद राहणारी टपाल सेवा परत हवी. तुम्हालाही तसं वाटत असेल तर आपापल्या खासदारांना पत्र लिहा. एका गावातून दहा पत्रं गेली तरी त्यांची दखल घ्यावी लागते.

प्रश्न : आमच्या पुसदच्या एका ग्रुपवर तुमचा अंक दर महिन्याला पीडीएफ होऊन फिरतो. शेकडो लोक बघतात. तुम्हाला आनंद व्हायला हवा ना?

वाचला जात असेल तर आनंदच आहे. पण बघणं आणि वाचणं यात फरक आहे. आपलं पान दोन स्तंभांचं, हातात धरायच्या आकाराचं. मोबाइलवर ते बोटांनी मोठं करा, डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, पुन्हा वर जा, असं करत वाचावं लागतं. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत माणूस थकतो आणि पुढचा मेसेज उघडतो. मोबाइलसाठी मजकूर वेगळा लावावा लागतो, एका स्तंभात, सुटसुटीत. म्हणून आम्ही दर महिन्याला तीन लेख तसे लावून मोफत पाठवतो. ग्रुपवर ते टाका, मनापासून टाका.

आणि एक गोष्ट. फॉरवर्ड झालेल्या अंकाचा वाचक आम्हाला कधी भेटत नाही. त्याचं गाव कळत नाही, त्याला काय आवडलं ते कळत नाही, तो पत्र लिहीत नाही. हे सदर चालतं ते पत्ता असलेल्या वाचकांवर.

प्रश्न : मी वर्धेचा. मला दिसत नाही, मोबाइल मला वाचून दाखवतो. बातम्या ऐकतो, व्हॉट्सअ‍ॅप ऐकतो. पण तुमचा जुना अंक उघडला की तो सुटी सुटी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बोलायला लागतो. माझ्या मोबाइलमध्ये बिघाड आहे का?

दादा, तुमच्या मोबाइलमध्ये काहीही बिघाड नाही. तुमचा निरोप मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवला, आणि त्याचं उत्तर इथे सविस्तर देते, कारण मराठी मासिकांचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा ठेवा याच अडचणीत अडकलेला आहे.

संगणकावर मराठी पानं लागायला सुरुवात झाली तेव्हा फॉन्ट तयार करणाऱ्यांनी एक तोड काढली. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवले. कळ दाबायची इंग्रजी, पडद्यावर उमटायचा क किंवा अर्धा स. कागदावर छापायचं असेल तर यात काहीच अडत नाही, पान देखणं निघतं. पण फाइलच्या पोटात मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा खच असतो. डोळ्यांना ‘आकाश’ दिसतं, यंत्राला भलतंच. तुमचा मोबाइल आकार बघत नाही, पोटात साठवलेलं वाचतो. त्यामुळे तो खरं तेच बोलत होता.

युनिकोडने हे सोडवलं. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, क हा जगातल्या कुठल्याही संगणकावर क. ही सोय १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तरी छपाईच्या जगात जुने फॉन्ट अजून चालतात. डीटीपी करणाऱ्यांचा, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्यांचा, हात त्या कळांवर बसलेला असतो, आधीच्या सगळ्या फाइली त्यातच असतात, आणि छपाईची प्लेट बिनचूक येते. गल्लीतल्या छापखान्याला बदलण्याची निकड वाटत नाही, आणि त्यात त्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही. निकड तुमच्यासारख्या वाचकाची आहे, आणि ती आम्हाला वाटायला हवी.

जुनी फाइल युनिकोडमध्ये आणणारी सॉफ्टवेअरं आहेत. पण त्यांच्यावर सोडून देता येत नाही. जुन्या फॉन्टात अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कि’ लिहायचा तर आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये बोलण्याचा क्रम लागतो, आधी क, मग वेलांटी. साध्या अक्षराला ही अदलाबदल सोपी. पण ‘स्त्रियांनी’ आला की वेलांटी तीन व्यंजनं ओलांडून न्यावी लागते, आणि सॉफ्टवेअर तिला मध्येच कुठेतरी सोडून देतं. रफाराचं उलटं. ‘मार्ग’मधला रफार जुन्या फॉन्टात ग नंतर असतो, युनिकोडमध्ये तो आधी यावा लागतो. सगळ्यात अवघड आपला चंद्रकोरीसारखा अर्धा र. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ रूपांतरात ‘दर्या’ झाल्या की डोंगरांच्या जागी समुद्र येतो, आणि शुद्धलेखन तपासणारं यंत्र गप्प राहतं, कारण दोन्ही शब्द त्याला ठाऊक असतात. इथे मराठी येणारा माणूसच लागतो, मुद्रितं वाचलेला, सावकाश वाचणारा.

यंदापासून आपला अंक थेट युनिकोडमध्ये लागतो. पीडीएफ केल्यावर देवनागरीचा क्रम त्यातही बिघडू शकतो. म्हणून तुम्हाला पीडीएफ पाठवणार नाही, ईपब ही मोबाइलवर वाचण्यासाठीची फाइल पाठवू, ती तुमचा मोबाइल ओळीने वाचेल. जुने अंक एकेक करून येतील. गती मंद आहे, पण काम थांबलेलं नाही. आणि याचा उपयोग फक्त तुम्हाला नाही. इंटरनेटवर शोध घेणाऱ्या यंत्रालाही फाइलच्या पोटातलंच दिसतं. विदर्भातल्या संत्र्यावर किंवा कोसा रेशमावर आपल्याकडे उत्तम लेख येऊन गेलेत. आज एखादी मुलगी त्या विषयावर शोधायला बसली तर तिला त्यातला एकही सापडत नाही.

प्रश्न : मी नागपूरच्या महालातला जुना जुळारी. एक पान खिळ्यांनी, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांनी, लावायला आमचे हात काळे व्हायचे, दिवस सरायचा. आता संगणकावर पान चुटकीत लागतं. मग अंक स्वस्त व्हायला हवा होता. उलट महाग का?

काका, तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रूफ वाचण्याचं काम मी खिळ्यांच्या छापखान्यातच शिकले. देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या पेटीत, जोडाक्षरांसकट शेकडो घरं, हात न बघता त्या घरात जायचा, ओळ हातातल्या स्टिकमध्ये (खिळे जुळवायच्या पट्टीत) उलटी लागायची, आणि छपाई झाल्यावर प्रत्येक खिळा परत आपल्या घरात टाकायचा. त्या कष्टाचा पैसा वाचला हे खरं आहे.

पण खर्चाची जागा बदलली. अंक छापतात तो फर्म्याने, म्हणजे एका मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम, बहुधा १६ पानांचा एक फर्मा. रंगीत पान हवं तर निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा चार प्लेट. मशीनवर रंग जुळेपर्यंत निघणारे कागद वाया जातात. हा सगळा खर्च ५०० प्रती काढा की ५,०००, जवळपास तोच. प्रती घटल्या की प्रत्येक प्रतीवर त्याचा बोजा वाढतो. किंमत वाढवली की प्रती आणखी घटतात. बहुतेक मासिकांचा श्वास या फेऱ्यातच कोंडला. त्यात कोविडनंतर २०२१-२२ मध्ये कागद भडकला.

आणि जाहिराती. इतवारीतला सराफ, बर्डीवरचा साडीवाला, गावची सहकारी बँक, यांच्या जाहिरातींनी अंकाची किंमत खाली धरून ठेवलेली असायची. वाचक जेवढे पैसे द्यायचा त्याहून अंकाचा खर्च जास्त असायचा, फरक जाहिरात भरायची. तो पैसा आता मोबाइलवर गेला, कारण तिथे दुकानदाराला दुसऱ्याच दिवशी कळतं की कोणी जाहिरात पाहून आलं. त्यांना मी दोष देत नाही. दिवाळी अंकाला जाहिराती अजून मिळतात, ती १९०९ साली ‘मनोरंजन’च्या दिवाळी अंकाने घालून दिलेली रीत आहे आणि व्यापाऱ्यांनी ती मनाने जपली आहे. बाकीचे अकरा महिने मात्र आता वर्गणीवरच जगायचं आहे.

एक चांगली बातमी सांगते. कमी प्रतींसाठी आता डिजिटल छपाई आहे, तिला प्लेट लागत नाही. संपलेला अंक कोणी मागितला तर मोजक्या प्रती छापून देता येतात. तुम्ही लावलेल्या पानांचे अंकही असेच परत छापता येतील, आधी ते सापडायला हवेत.

प्रश्न : नागपूरच्या सीताबर्डीवर पूर्वी फुटपाथवर मासिकांची ओळ लागायची. आता शोधत फिरावं लागतं. स्टॉलवाले मासिकं ठेवत का नाहीत?

कारण जागेचं भाडं मासिक काढून देत नाही. स्टॉलवाल्याला प्रतीमागे कमिशन मिळतं आणि न खपलेले अंक परत करायचे असतात. परतीचा गठ्ठा सांभाळा, मोजा, हिशेब ठेवा, हे सगळं त्याच्या अंगावर. त्याच जागेत मोबाइलची कव्हरं ठेवली तर परतीचा प्रश्नच नाही. रेल्वे फलाटावरही पुस्तकांच्या स्टॉलांना पाणी, बिस्किटं, औषधं विकणारे बहुउद्देशीय स्टॉल होण्याची मुभा मिळाली, आणि पुस्तकं मागे सरकत गेली. आपण परतीचे अंक स्वतः उचलायची व्यवस्था केली आहे. ज्यांच्या ओळखीत स्टॉल असेल त्यांनी कळवा.

प्रश्न : ताई, मी गोंदियाचा. नागपुरात खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करतो. चालू घडामोडींचं मासिक तेवढं घेतो, बाकी मोबाइल. गेल्या अंकात एका ज्येष्ठ लेखकांनी लिहिलं की आजची पिढी वाचतच नाही. मी वाचक नाही का?

तू वाचक आहेस. अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन रात्री दहाला बाहेर पडणारा मुलगा वाचत नाही, हे म्हणणं मला मान्य नाही, आणि त्या लेखकांनाही मी तसं सांगितलं आहे. या शहरात तर ते कोणी म्हणूच नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जा. पुस्तकांचे स्टॉल रांगेने लागलेले असतात, तुझ्या वयाची मुलं-मुली मराठवाड्यातून, खानदेशातून रात्रभर प्रवास करून येतात, रोजंदारीतून बाजूला ठेवलेले पैसे मोजतात आणि पुस्तकांच्या पिशव्या घेऊन परत स्टेशनकडे निघतात. ज्या समाजाला ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ मिळाला, त्याने वाचनाची ओढ शंभर वर्षं टिकवून धरली आहे. तिथे वाचक आणि छापील कागद समोरासमोर येतात, म्हणून खप होतो. वर्षभर इतरत्र ते समोर येत नाहीत.

तुझ्या पिढीचं एक नुकसान मात्र झालं, ते आम्हा मोठ्यांकडून. आमच्या लहानपणी पायऱ्या होत्या. ‘चांदोबा’ १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला, १९५२ पासून मराठीत आला. शाळेत १९७१ पासून बालभारतीचा ‘किशोर’. मग आईचं ‘स्त्री’ किंवा बाबांचं ‘किर्लोस्कर’ चोरून वाचायचं, आणि कॉलेजात कोणीतरी ‘सत्यकथा’ हातात ठेवायचं. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं, ‘चांदोबा’ही पुढे थांबला. ‘किशोर’ सुदैवाने निघतो. पण त्याच्या वरची पायरी, बारा ते अठरा वयासाठीची, आज मराठीत जवळपास रिकामी आहे. त्या वयातलं मूल थेट स्पर्धा परीक्षेच्या मासिकावर येऊन पडतं. तुला चालू घडामोडींपलीकडे काही वाचावंसं वाटत नसेल तर त्यात तुझा दोष नाही, मधली पायरी कोणी तुझ्यासमोर ठेवलीच नाही.

तुझ्या खोलीत पाच जण राहता ना? पाच जणांत मिळून एक वर्गणी घ्या. विद्यार्थ्यांसाठी ती निम्मी आहे. आणि तालुक्याच्या गावी परत गेलास की तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जा. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं गावोगाव आहेत, नियतकालिकं घेण्यासाठीही त्यांना अनुदान वापरता येतं. वाचकाने मागितलं की ग्रंथपाल मासिक लावतो. कोणी मागत नाही, म्हणून यादीतून ते निघून जातं.

प्रश्न : आम्ही दोघं नवराबायको चंद्रपूरला शिक्षक आहोत. झाडीबोली, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाची बोली, आणि वऱ्हाडीत मासिक काढायचं मनात आहे. लोक वेड्यात काढतात. काय करू?

काढा. परवानगीचं काम पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. १८६७ चा जुना कायदा जाऊन प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरिऑडिकल्स अ‍ॅक्ट, २०२३ हा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. आता नाव मिळवणं आणि नोंदणी यांचा अर्ज एकदमच, ऑनलाइन करता येतो.

पण पहिला अंक छापण्याआधी वर्गणीदारांची वही उघडा. जी नियतकालिकं जगली, त्यांच्यापाशी पोचण्याचा रस्ता आधीपासून होता. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० मध्ये निघालं ते कारखान्याचं पत्र म्हणून, नांगर विकत घेणाऱ्यांची गावं त्यांना ठाऊक होती. पुढे त्याचंच मोठं मासिक झालं. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ सुरू केलं, तेव्हा त्यांच्या शब्दावर विश्वास टाकणारी माणसं गावोगाव होती. ते साप्ताहिक आजही निघतं. आपल्या नागपूरचं ‘उद्यम’ शेती-धंद्याची माहिती घेऊन घराघरात गेलं, कारण साबण कसा करायचा, फळं कशी टिकवायची, हे वाचून लोक कामाला लागत. तुमच्याकडे तर शाळा आहेत. झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम आहे, एकेका गावात हजारो माणसं रात्र जागवतात. नाटकाच्या मांडवाबाहेर टेबल टाका. अंकात नाटकांच्या तारखा, मंडळींचे फोन नंबर, कलावंतांच्या मुलाखती द्या. तो अंक लोक जपून ठेवतील, कारण त्यांना तो वापरायचा असेल. पहिली वर्गणी माझी. पत्ता कळवा, पैसे पाठवते.

प्रश्न : अमरावतीहून लिहितो. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेली कथा तुम्ही छापता का? ओळखू येते का?

छापत नाही. बहुतेकदा ओळखू येते. त्या कथेतल्या गावात हिरवीगार शेतं असतात, पण पऱ्हाटी (कपाशी) नसते. म्हातारे शहाणपण सांगतात, पण कोणाला सोयाबीनच्या भावाची काळजी नसते. लेखकाला आपलं गाव ठाऊक असतं म्हणून आम्ही त्याला पानं देतो. हेच तंत्र जुनी छापील पानं वाचून मजकूर करायला, अंक आवाजात ऐकवायला आम्हाला उपयोगी पडेल, तिथे ते आनंदाने वापरू. कथा मात्र तुमची पाठवा, अडखळलेली असली तरी चालेल. तिच्यावर आपण दोघं मिळून बसू.

प्रश्न : माझे वडील गेले. अकोल्याच्या घरी त्यांनी जमवलेल्या मासिकांचे गठ्ठे आहेत, ‘किर्लोस्कर’, ‘सत्यकथा’, ‘माणूस’, ‘उद्यम’. घर विकायचं आहे. रद्दीत घालायला हात होत नाही, ठेवायला जागा नाही.

ताई, हात होत नाही हे फार बरं झालं. मासिकं पुस्तकांसारखी जपली जात नाहीत, म्हणून अशा घरांतूनच ती वाचतात.

आधी यादी करा. मासिकाचं नाव, महिना, वर्ष, आणि अनुक्रमणिकेच्या पानाचा मोबाइलवर फोटो. फोटो उजेडात, सरळ वरून. हे सगळ्यात मोलाचं आहे, कारण संशोधकाला अंकाआधी त्यात काय आहे हे हवं असतं. मधल्या पिना गंजल्या असतील तर हलक्या हाताने काढा, गंज कागद खात जातो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षरं उचलते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत ओल धरते. खोके, सुती कापड, कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि जमिनीपासून वर. कसर लागलेले अंक वेगळे ठेवा.

यादी झाली की ती आधी विदर्भ साहित्य संघाकडे आणि तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे पाठवा, गठ्ठे नंतर. ग्रंथालयांनाही जागेची अडचण असते. त्यांच्याकडे नसलेले अंक ते घेतात, सगळा ढीग दारात आला तर नाही म्हणतात.

स्कॅन करून इंटरनेटवर ठेवावं असं कोणी सुचवेल. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने असेच सगळ्यांसाठी मोफत खुले केले आहेत. पण ते त्यांचे स्वतःचे अंक होते. इतर मासिकांत प्रत्येक कथेचा हक्क लेखकाचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. आपल्या कायद्याने तो लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. १९७० च्या दशकातल्या लेखकांचं बहुतेक नाही. स्वतःजवळ जपण्यासाठी स्कॅन करून ठेवा, सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी परवानगी घ्या.

‘उद्यम’चे अंक आम्हाला हवे आहेत. आमच्याकडे ते सलग नाहीत, आणि त्यातले घरगुती धंद्यांचे लेख, जिथे परवानगी मिळेल तिथे, युनिकोडमध्ये पुन्हा लावायचे आहेत. घराचा ताबा देण्याची तारीख कळवा. अकोल्याला गाडी घेऊन येणारं आमचं माणूस आहे, ते येईपर्यंत गठ्ठे घरातच राहू द्या.